पुढच्या ब्रेकची प्लेट

आमच्या सरांचा उजवा गुडघा वाकत नसे. फळ्याकडून खिडकीकडे जाताना ते तो पाय बाहेरून अर्धगोल फिरवून आणत आणि मग खडू हातात घेऊन वाक्य पुरं करत. आम्हा पोरांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. कोणी म्हणे लहानपणी पोफळीवरून पडले, कोणी म्हणे लष्करात होते. सर आम्हाला इंग्रजी शिकवत, आणि त्यांचा धाक इतका, की पायाबद्दल विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

दहावीनंतर मी दोन-चार वर्षं इथेतिथे काढली आणि जहाजावर लागलो. इंजिनरूममध्ये फिटर. अर्धं आयुष्य डिझेलच्या वासात गेलं. एकदा आमचं जहाज दुरुस्तीसाठी इंग्लंडातल्या एका बंदरात बरेच दिवस अडकून पडलं होतं. एका रविवारी बरोबरच्या खलाशांनी मला एका सोडून दिलेल्या दगडाच्या खाणीवर नेलं. तिथे मोटरसायकलींची स्पर्धा चालू होती, पण कोणी धावत नव्हतं. माणसं फटफटीवर उभी राहून, चालत्या माणसापेक्षा हळू, खडकांवरून चढत-उतरत होती. पाय जमिनीला टेकला की गुण गेला, एवढाच नियम. याला ट्रायल्स म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. वेगाचं मला कधी कौतुक नव्हतं. हा तोल मात्र डोक्यात बसला. पुढे ज्या ज्या बंदरात सुट्टी मिळाली तिथे मी जुन्या ट्रायल्स गाड्या शोधत हिंडलो. त्यांची पुस्तकं घेतली आणि कुठल्या सालच्या गाडीला कुठला भाग होता ते शिकत गेलो. विकत घ्यायची ऐपत आणि जागा दोन्ही नव्हती. बघायचं आणि लक्षात ठेवायचं.

नोकरी संपवून गावी आलो तेव्हा घराच्या बाजूला, माडांच्या सावलीत, पत्र्याची शेड घातली. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मधल्या वेळात जुन्या मोटरसायकली नीट करून देतो. आमच्या भागात ट्रायल्सची गाडी बघायला मिळेल असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गेल्या पावसात सरांच्या घरामागचा मांगर, म्हणजे अडगळीची कौलारू खोपी, बसला. सर खाडीच्या पलीकडे राहतात, ख्रिश्चनवाडीत. आता चांगलेच म्हातारे झालेत. त्यांची बायको मूळची गोव्याची, तिला आम्ही आंटी म्हणतो. दोघंच राहतात, मुलगी पणजीला असते. मांगराची कौलं, वासे सगळं खाली आलं तेव्हा सरांनी मला निरोप पाठवला, की एक जुनी फटफटी आहे, ती उचलून ने.

मी गेलो. चार गड्यांनी वासे बाजूला केले होते. खाली मातीत, नारळाच्या सोडणांच्या ढिगात ती आडवी पडली होती. आधी मला फक्त सायलेन्सर दिसला. तो खालून जाण्याऐवजी इंजिनाच्या बाजूने वर चढला होता, जवळजवळ बसायच्या जागेपर्यंत. दगडावर आपटू नये म्हणून असा सायलेन्सर कोण करतं ते मला ठाऊक होतं. मी खाली बसलो. पुढचं चाक मोठं, फूटरेस्ट नेहमीपेक्षा मागे, मागचं दातेरी चक्र थाळीएवढं. हाताने चिखल पुसत मी एकेक भाग मोकळा केला.

"सर, ही तर ट्रायल्सची गाडी आहे," मी म्हणालो. सरांशी मी अजूनही शाळेतलंच मराठी बोलतो. ते घरात मालवणीच बोलतात, पण माझी जीभ वळत नाही.

"आसात," सर म्हणाले. "घेवन जा. भंगारात घाल, नायतर खाडयेत टाक. माका दिसाक नको."

"भंगारात नको," आंटी दारातून म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी सरांना म्हटलं, मला ही उभी करू द्या. पुन्हा चालू करतो. नंतर तुम्हाला नको असेल तर मी सांभाळीन. सरांनी हात उडवला आणि पाय फिरवत पडवीत जाऊन बसले.

टेम्पोत घालून गाडी शेडवर आणली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास आंटी रिक्षातून उतरल्या. पायरीवर बसकण मारली आणि म्हणाल्या, "कर तुझा काम. मी बघतंय."

अशा गाडीचं काम करताना पहिला प्रश्न दुरुस्तीचा नसतो. आधी ओळख पटवायची असते. कुठला भाग कारखान्यातून निघाला तेव्हाचा आणि कुठला नंतर कोणी अडचणीला बसवलेला, हे लागल्याशिवाय हात घालायचा नाही. जुन्या गाड्या माणसांसारख्या असतात, त्यांना वाटेत पुष्कळ जण काय काय देऊन जातात. मी आपला माझ्या पद्धतीने चाललो होतो. मॅग्नेटोवरचा ठसा बघ, रिंगवरचे आकडे बघ, पुस्तकाशी ताडून बघ. मडगार्ड बघून मी मनाशी म्हटलं, हे नंतरचं दिसतंय.

"तो मूळचो," पायरीवरून आवाज आला. "वाकडो दिसता, कारण पपान तो ठोकून सरळ केलेलो. सायलेन्सरपण मूळचो. साखळी नाय, ती मी बसयली."

मी मान वर केली. मी एक नट सोडवायला पाना लावला. तो इंग्रजी नट, माझा पाना आपल्याकडचा मिलिमीटरचा. जरासा ढिला बसत होता, पण मी जोर लावला.

"सरकता तो," आंटी म्हणाल्या. "नटाची वाट लावशीत. थांब."

त्या दिवशी त्या लवकर गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या कापडाची एक जाड गुंडाळी घेऊन. गाठ सोडून पायरीवर पसरली. आत ओळीने इंग्रजी मापाचे पाने, प्रत्येक आपापल्या कप्प्यात, तेलाचा हात फिरवून ठेवलेले. कित्येक वर्षं पेटीच्या तळाशी पडून होते, पण गंजाचा ठिपका नव्हता.

मग मला हळूहळू सगळं कळलं. आंटींच्या वडिलांचं म्हापशाच्या बाजूला गॅरेज होतं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात बाहेरच्या गाड्या सहज येत, त्यातली ही एक. कुठल्याशा खाणीवरच्या साहेबाने डोंगर चढण्या-उतरण्यासाठी मागवली आणि जाताना गॅरेजमध्ये सोडून गेला. आंटींना भाऊ नव्हता. शाळेतून आल्यावर त्या वडिलांच्या हाताखाली बसत. मोठ्या झाल्या तशा वडील नुसते खुर्चीत बसून सिगारेट ओढू लागले आणि काम आंटी करू लागल्या. आमचे सर तेव्हा तरुण, कॉलेजातले. गाडी नीट करून घ्यायला यायचे, ते गाडी बिघडलेली नसतानाही यायला लागले. लग्नात वडिलांनी ही फटफटी दिली.

"मिस्त्री मी आणि चलवणारे हे," आंटी म्हणाल्या. "खडपार चडले तर लोक ह्यांका टाळये वाजवायचे. मी म्हणी, वाजवा बाबांनो. क्लच खराब झालो तर रातभर मीच बसतलंय."

तेव्हा गोव्यातले, कोल्हापूरचे असे पाच-सहा हौशी लोक होते. मिळून एखादा ओहोळ, एखादा डोंगर ठरवायचे आणि आपापसात स्पर्धा लावायचे. सर त्यात चांगले होते, असं आंटी म्हणाल्या. "चांगले" हा शब्द म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर रोज असंच चाललं. मी एक एक भाग काढायचा, आंटींनी सांगायचं, हा मूळचा, हा पपांनी घडवलेला, हा मुंबईहून मागवलेला. माझ्या पुस्तकांचं आणि त्यांचं बहुतेक जमायचं. जिथे जमायचं नाही तिथे आम्ही वाद घालायचो. कार्बोरेटरबद्दल माझं खरं निघालं, मागच्या चाकाबद्दल त्यांचं. कित्येक वर्षांत मला कामावर एवढी चांगली सोबत मिळाली नव्हती. माझी बायको चहा आणून ठेवायची आणि आमचं बोलणं ऐकत उभी राहायची.

पेट्रोलची टाकी मात्र सापडत नव्हती. गाडीवर होती ती कुठल्या तरी रस्त्यावरच्या गाडीची, पत्र्याची, अवजड. मूळची टाकी अल्युमिनियमची, चिंचोळी, हलकी असायला हवी. आंटींनी विचार करून सांगितलं, की सरांनी ती एका मच्छीमाराला देऊन टाकली होती. मी किनाऱ्यावर जाऊन विचारपूस केली. त्या मच्छीमाराच्या मुलाच्या होडीत, इंजिनाशेजारी, दोरीने बांधलेली ती टाकी अजून होती. खाऱ्या हवेने पांढरी पडलेली, एका बाजूला पोचा आलेली, पण आतून शाबूत. तो सोडायला तयार नव्हता. म्हणाला, ही टाकी कधी गळली नाही, तुमची नवी गळली तर मी समुद्रात काय करू? शेवटी मी त्याला नवी टाकी बसवून दिली, दोन फेऱ्या त्याच्याबरोबर मारून आलो, तेव्हा त्याने दोरी सोडली.

टाकी बघून आंटी लहान मुलीसारख्या हसल्या. मी म्हटलं, आता मागचं सगळं झालं. उद्या पुढचं चाक घेतो.

त्यांचं हसू तिथेच थांबलं. "ता चाक रवांदे," त्या म्हणाल्या. पाने पुसून कापडात गुंडाळले आणि रिक्षाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला वाटलं, बरं नसेल. मी पुढचं चाक सोडवून ठेवलं. चाकाच्या एका बाजूला ब्रेकची गोल प्लेट होती. तिच्या कडेला कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, चांगलं अंगठ्याएवढं, दगडासारखं घट्ट. ही प्लेट मूळची की रस्त्यावरच्या गाडीची, हे मला बाहेरून कळेना. मूळच्या प्लेटीत त्याच जागी एक स्टड, म्हणजे आटे पाडलेली आखूड पोलादी खुंटी, असते. मातीत तो दडलाय की मुळात नाहीच, हे आंटींना विचारावं म्हणून मी पुलाचा फेरा टाळून तरीच्या होडीने त्यांच्याकडे गेलो.

सर बाजारात गेले होते. आंटी मागच्या दारी कोकमं वाळत घालत होत्या. मी आपलं सरळ विचारलं, "आंटी, पुढच्या ब्रेकची प्लेट मूळची आहे का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मूळची. तिच्यामुळाच ह्यांचो पाय गेलो. म्हणजे माझ्यामुळा."

मी पायरीवर बसलो.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. ब्रेक दाबला की ही प्लेटही चाकाबरोबर फिरायला बघते. ती फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला धरून ठेवते. पट्टीचं टोक प्लेटीतल्या स्टडवर बसतं, त्यावर नट आवळतात, आणि नट फिरून सुटू नये म्हणून त्यातून एक बारीक पिन आरपार घालून टोकं दुमडतात. पट्टी निसटली तर प्लेट गरकन फिरते, केबल गुंडाळली जाते, चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

सर तसेच फेकले गेले होते. वैभववाडीच्या वर, घाटाच्या पायथ्याला, कोरड्या ओहोळात उतरताना. गुडघा दगडावर आपटला. कोल्हापूरला दोन वेळा ऑपरेशन झालं, पण तो पुन्हा वाकला नाही.

"आदल्या दिसा मी ता चाक काढून टायर बदललंय," आंटी सांगू लागल्या. "परत बसयलंय. पट्टी लावलंय, नट आवळलंय. आणि पिन घालूचा म्हणान हातात घेतलंय, तर आत चेडू रडाक लागला. तेका ताप होतो. म्हणान उठलंय. परत येवन पिन घातलंय काय नाय, माका आठवणा नाय. तेव्हापासून आठवतंय, रोज आठवतंय. गाडी घराक आणली तेव्हा बघलंय, तर पट्टी लोंबकळत होती. ना नट, ना पिन. मगे परत तिच्याकडे बघूक नाय."

"सरांना सांगितलंत?"

"कसा सांगतलंय? तेंका म्हायत आसतला. इतकी वर्सां तेंनी माका एक शब्द इचारल्यानी नाय. ना गाडयेचा नाव काढला, ना पायाचा. मी पाने पेटयेत घातलंय आणि कुलूप लावलंय."

त्यांनी पुन्हा सूप उचललं आणि कोकमं पसरायला लागल्या. मी आलो तसा परतलो. तरीत बसून खाडीचं पाणी बघत होतो, पण डोळ्यांसमोर ते मातीचं घर होतं. हिशोब सोपा होता. मातीखाली स्टड शाबूत उभा असेल, तर नट त्याच्यावरून फिरून निघून गेला, म्हणजे पिन नव्हती. आंटी म्हणतात तसंच घडलं. नसेल, तर गोष्ट वेगळी.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, उघडूच नये असं वाटतंय. दुसरी प्लेट कुठून तरी मिळवतो, ही पुरून टाकतो. नाहीतर सरळ सांगतो, की स्टड तुटलेला निघाला, दिसला काय आणि न दिसला काय.

"आधी बघून तरी घेवा," ती म्हणाली. "खोटा सांगूचा काय खरा, ता मगे ठरवा. आधीच कित्याक रडतास?"

दोघं शेडमध्ये गेलो. बाहेर उजेड चांगला होता म्हणून प्लेट अंगणात घेतली. मी माती भिजवली आणि बांबूची कामटी घेऊन कडेकडेने खरवडायला लागलो. लोखंड लावायची भीती वाटत होती. माशीचं घर चिवट असतं, पोपडे निघत होते पण गाभा सुटत नव्हता. बायको वरून पाणी सोडत होती. शेवटी तो गोळा एकदम सुटून हातात आला.

खाली काहीच नव्हतं. सपाट.

मला क्षणभर कळेना, आनंद मानावा की काय. स्टड नाही हे खरं, पण टाकीसारखी ही प्लेटही नंतर कोणी बदललेली, स्टड नसलेली, दुसऱ्या गाडीची असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. मी केरोसीनने पुसलं, मग बारीक पॉलिश पेपर फिरवला. हळूहळू अल्युमिनियमच्या पांढुरक्या रंगात एक गोल उमटला, आठ आण्याच्या जुन्या नाण्याहून लहान, तांबूस गंजाचा. पोलादाचा गोल. स्टड होता, आणि तो मुळाशी, प्लेटीच्या पातळीवर तुटला होता.

गंज घालवायला मी त्यावर आमसुलाचं घट्ट पाणी घालून ठेवलं. पितळेची भांडी घासताना आई तेच वापरायची. काही वेळाने पुसून भिंगाखाली धरलं. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून मोठा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर एकाच्या बाहेर एक अशा बारीक रेषा, तिसऱ्याच्या शिंपल्यावर असतात तशा. उरलेला भाग फोडलेल्या गुळासारखा खरबरीत. जहाजावर पंपाचा एक बोल्ट तुटला होता तेव्हा आमच्या चीफ इंजिनियरने मला अशाच रेषा दाखवल्या होत्या. म्हणाला होता, हा आज तुटलेला नाही. ही भेग पुष्कळ दिवस आतून वाढत होती. गुळगुळीत भाग आधीचा, खरबरीत भाग शेवटच्या झटक्याचा.

मी भिंग बायकोच्या हातात दिलं आणि अंगणात तसाच बसून राहिलो. पाठ इतकी मोकळी झाली, की आधी ती आखडली होती हे तेव्हा समजलं.

"आता जावा," बायको म्हणाली. "चाय नंतर."

प्लेट आणि भिंग पिशवीत घालून मी पुन्हा तरीवर गेलो. आंटी अजून मागच्या दारीच होत्या. मी काही समजावून सांगितलं नाही. प्लेट त्यांच्या हातात दिली, म्हटलं, बघा.

त्यांनी चष्मा लावला, त्यावर भिंग धरलं. बोटाने तो गोल चाचपला. मिस्त्रीचं बोट ते, सांगायला काही लागलंच नाही. एकदा उलटी करून मागून बघितली, परत सुलटी केली.

"मोडलो," त्या म्हणाल्या. "मुळात मोडलो."

"होय."

"नट गेल्लो आसतो, तर पट्टी आधीच निसटली आसती. मगे स्टडार जोर खंयचो? तो कित्याक मोडतलो?" त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "म्हणजे पट्टी तेच्यार होती. नट होतो." मग माझ्याकडे बघितलं. "आणि पिन?"

"पिनेचं यावरून कळत नाही, आंटी," मी म्हणालो. खोटं बोलायची आता गरजच नव्हती. "असेल, नसेल. पण सर पडले ते पिनेमुळे नाही. भेग आत होती. हा स्टड कारखान्यातच बसवलेला असतो, टायर बदलताना तो कोणी काढत नाही. तुम्हाला काय, कोणालाच दिसली नसती."

त्या बराच वेळ मान हलवत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलंही नाही. नंतर पदराने आधी प्लेट पुसली, मग चष्मा. म्हणाल्या, "हे येयत. बस तू. जाव नको."

सर पिशवी घेऊन आले. मला बघून म्हणाले, "काय रे, परत?" आंटींनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. टायर बदलल्यापासून मुलीच्या तापापर्यंत, पिनेपासून आजपर्यंत. शेवटी प्लेट त्यांच्या मांडीवर ठेवली. सर ऐकत होते. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. वर्गात कोणी पाठांतर म्हणून दाखवत असलं की ते असेच ऐकायचे.

"आणि तू इतकी वर्सां ह्या पोटात घेवन रवलंस?" ते म्हणाले.

"माका वाटलेला तुमका म्हायत आसा."

"माका काय म्हायत?" सरांनी भिंग उचललं, उलटं धरलं, मी सरळ करून दिलं. त्यांनी त्या रेषा बघितल्या. मग मला विचारलं, "ह्या मोडला म्हणान चाक अडाकला?"

"होय सर. ब्रेक दाबल्यावर हा तुटला आणि प्लेट फिरली."

"किती जोरान दाबलंय तरी मोडतलो होतो?"

"सर, भेग इतकी पुढे गेली होती, की हलक्या हाताने दाबला असता तरी तुटला असता. त्या दिवशी नाही तर पुढच्या वेळी."

सरांनी भिंग खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी घाबरूक नाय."

आंटींना कळलं नाही. मला कळलं. उतारावर घाबरून पुढचा ब्रेक चिमटणं ही ट्रायल्समधली शिकाऊ माणसाची चूक. सर इतकी वर्षं धरून बसले होते, की आपण भिऊन ब्रेक आवळला आणि पडलो. चार माणसांदेखत. लोकांना मात्र सांगितलं होतं, दगड सरकला. आणि बायकोने पाने पेटीत घातले ते आपल्यावरच्या रागाने, तिच्या वडिलांची गाडी नवशिक्यासारखी आपटली म्हणून, असं त्यांना वाटत होतं. म्हणून गाडीचं नाव काढायचं नाही.

हे त्यांनी असं सलग सांगितलं नाही. एक वाक्य, मग खिडकीबाहेर बघणं, मग दुसरं वाक्य. आंटी खाली बसल्या.

"तुमी तरी खंय काय सांगलास?" त्या म्हणाल्या.

"तू तरी खंय इचारलंस?"

मग दोघंही हसायला लागले. सर आधी नाकातून, मग खांदे हलवत. मी त्यांना असं हसताना शाळेतही पाहिलं नव्हतं. पिशवीतले मासे तसेच राहिले होते, मांजर येऊन पिशवी हुंगत होती. मी मांजराला हाकललं आणि मासे आत नेऊन ठेवले.

पुढचं काम झपाट्याने झालं. नवा स्टड कुडाळला लेथवर करून घेतला. आंटी स्वतः बरोबर आल्या. लेथवाल्याला म्हणाल्या, मुळाशी कोपरो ठेव नको, गोलाई दी, भेग कोपऱ्यातसून सुरू जाता. लेथवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, त्या सांगतात तसं कर. तुटलेला तुकडा आंटींनी मागून घेतला. त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

चाक त्यांनी स्वतः बसवलं. पट्टी लावली, नट आवळला, पिन घातली आणि टोकं दुमडली. मग मला बोलावून म्हणाल्या, "बघ. घातलंय मा?"

"घातलीत."

"बरा."

गाडी चालू झाली ती पाचव्या-सहाव्या किकला. आंटींनी कार्बोरेटरचा स्क्रू कान देऊन लावला, दोन वेळा मला बाजूला सारून. मग आम्ही ती टेम्पोत घालून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर नेली, जांभ्या दगडाची जुनी चिरेखाण आहे तिथे. सरांसाठी खुर्ची नेली होती. चालवणारा मीच, दुसरं कोण. साठीकडे झुकलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या बघितलेला. पहिल्या चढाला अर्ध्यावर जाऊन मी डावा पाय टेकला.

"पाय टेकलो," सर खुर्चीवरून म्हणाले. "परत."

परत गेलो. परत टेकला. सरांनी काठीने दाखवलं, वजन कुठे द्यायचं, नजर चाकाकडे नाही, पुढच्या दगडाकडे. दुपार होईपर्यंत मी त्या एकाच चढाला लागलो होतो. शेवटी एकदा न टेकता वर पोचलो. वरून खाली बघितलं, तर सर आणि आंटी माझ्याकडे बघतच नव्हते. इंजिनाच्या आवाजावरून त्यांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. सर म्हणत होते बरोबर आहे, आंटी म्हणत होत्या पेट्रोल जरा जास्त जातंय.

गाडी आता सरांकडेच असते, नव्या पडवीत. मांगर पुन्हा बांधला नाही. आंटी आठवड्यातून दोनदा माझ्या शेडवर येतात, पाने घेऊन. होडीवाले मला विचारतात, आंटी कधी येणार, आमच्या इंजिनाचा आवाज त्यांना ऐकवायचा आहे. मला त्याचं काही वाटत नाही, उलट बरंच झालंय. जेवणाच्या वेळेला सरांचा फोन येतो. काल आला तेव्हा आंटींचे हात ग्रीसने भरलेले, म्हणून मी उचलला. सर म्हणाले, तिला सांग, तारले मासे मी साफ करून ठेवलेत, फक्त आंबट किती घालायचं ते विचार.